पालिकेत दिव्यांगासाठी सोय मागायचीय, अर्ज नेमका कुठे टाकायचा?

दाखल्याचं काउंटर दुसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट बंद, किंवा ऐकू न येणाऱ्या बाईंना सुनावणीला बोलावलंय पण खुणांच्या भाषेचा दुभाषी नाही, असं काही झालं की सल्ले चारी बाजूंनी येतात. कोणी म्हणतं आपले सरकार पोर्टलवर टाका, कोणी म्हणतं माहिती अधिकार लावा, कोणी म्हणतं लोकशाही दिनाला (महिन्यातून एकदा अधिकारी तक्रारी ऐकतात तेव्हा) जा, नाहीतर सरळ पुण्याला दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे तक्रार करा. सगळे रस्ते खरे आहेत पण सगळे एकाच कामाचे नाहीत, आणि भलता धरला तर महिने जातात. म्हणून आधी एवढंच ठरवा, तुम्हाला तुमचं काम ठरलेल्या तारखेला व्हायला हवंय की ती इमारतच बदलायला हवीय?

काम व्हायला हवं असेल तर त्याच ऑफिसला साधा लेखी अर्ज, यापेक्षा जलद काही नाही असं माझं ठाम मत आहे. महानगरपालिकेत वॉर्ड ऑफिसच्या सहाय्यक आयुक्तांच्या नावाने, नगरपरिषदेत मुख्याधिकाऱ्यांच्या नावाने, आवक-जावकला द्यायचा आणि आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख, इनवर्ड नंबर घेतल्याशिवाय हलायचं नाही. तोंडी विनंतीवर "बघतो" म्हणतात आणि पुढे कुठेच काही दाखवता येत नाही. अर्जात "रॅम्प नाही, लिफ्ट नाही" एवढंच लिहून थांबू नका, नेमकं काय हवं ते मागा: अमुक तारखेला अमुक वाजता मी तळमजल्यावर असेन, अधिकाऱ्यांनी किंवा क्लार्कने खाली येऊन कागद तपासावेत आणि सही घ्यावी. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईत खारच्या विवाह नोंदणी कार्यालयात व्हीलचेअरवरच्या नवरीला स्वतःच्या लग्नासाठी दुसऱ्या मजल्यावर उचलून न्यावं लागलं होतं, लिफ्ट नव्हती आणि सही घ्यायला कोणी खाली आलं नाही. त्या दिवशी रॅम्प बांधून झाला नसता, पण एक माणूस रजिस्टर घेऊन खाली येऊ शकला असता. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मधल्या कलम ३(५) चा आधार यासाठीच आहे, त्या माणसाच्या गरजेप्रमाणे योग्य तो बदल करून देणं ही सरकारची जबाबदारी आहे, अर्जात हे कलम लिहाच.

आणि हो, "चाळीस टक्क्यांचं सर्टिफिकेट आहे का, यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) दाखवा" हे ऐकून परत फिरू नका. चाळीस टक्क्यांची अट आरक्षण आणि बऱ्याचशा योजनांना आहे, अशी सोय मागायला नाही. सुप्रीम कोर्टाने विकास कुमार विरुद्ध यूपीएससी या २०२१ च्या निकालात हे स्पष्ट केलंय, तिथे हाताला रायटर्स क्रॅम्प (लिहिताना हात आखडण्याचा विकार) असलेल्या उमेदवाराला लेखनिक मिळण्याचा प्रश्न होता. कार्ड असेल तर झेरॉक्स जोडा, काम सोपं होतं.

आता काम अडलंय ते एखाद्या दाखल्याचं किंवा नोंदणीचं असेल तर अजून एक कायदा हाताशी आहे, महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५. तुमची सेवा अधिसूचित, म्हणजे या कायद्याखाली जाहीर केलेल्या यादीत असेल तर तिला ठरलेली मुदत असते, मुदत टळली किंवा अर्ज नाकारला की ३० दिवसांत पहिलं अपील, मग दुसरं, शेवटी लोकसेवा हक्क आयोग. पदनिर्देशित अधिकाऱ्याला, म्हणजे ती सेवा द्यायची जबाबदारी ज्याच्यावर आहे त्याला, दंड होऊ शकतो (५०० ते ५,००० रुपये). म्हणजे "अंगठा मॅच होत नाही, स्वतः वर यायलाच पाहिजे" म्हणून दाखला अडवला तर नकार लेखी कारणासकट मागा आणि अपिलात जा. पण हा कायदा सेवा मिळवून देईल, पायऱ्यांचं काही करणार नाही.

पोर्टल आणि लोकशाही दिन यांच्यावर मी सगळा भरवसा ठेवणार नाही. पोर्टलचा फायदा म्हणजे घरबसल्या होतं आणि टोकन नंबर मिळतो, ज्याला घराबाहेर पडणंच अवघड आहे त्याच्यासाठी हे छोटं नाही, पण तक्रार फिरून बहुतेक त्याच ऑफिसकडे येते. लोकशाही दिन महापालिकेत आणि जिल्ह्याला महिन्याच्या पहिल्या सोमवारी, तालुक्याला तिसऱ्या, अर्ज आधी द्यावा लागतो, म्हणजे तारीख जवळ असेल तर उपयोग नाही.

माहिती अधिकार ही तक्रार नाही, पुरावा गोळा करायचं साधन आहे, हे डोक्यात पक्कं ठेवा. "रॅम्प का नाही?" असं विचारलंत तर उत्तर मिळेलच असं नाही, कागद मागा: या इमारतीचं ॲक्सेसिबिलिटी ऑडिट (दिव्यांगांना ती वापरता येते का याची तपासणी) झालं असेल तर त्याची प्रत, लिफ्ट दुरुस्तीचे आदेश, आणि स्थानिक संस्थांना स्वतःच्या उत्पन्नातला जो ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी राखून ठेवायचा असतो त्याचा वर्षवार खर्च. एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांच्या आत, त्यामुळे निधीचा अर्ज वेगळा करा. फी दहा रुपये, उत्तराला ३० दिवस. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचं तोंडी म्हणणं लिहून घ्यायला मदत करणं माहिती अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे, हे फारसं कोणाला माहीत नसतं.

इमारतच बदलायला हवी असेल, किंवा अर्जावर ऑफिस गप्प बसलं, तर पुण्याचं दिव्यांग कल्याण आयुक्त कार्यालय. इथे ताकद जास्त आहे: साक्षीदार बोलावणं, कागद मागवणं, असे दिवाणी कोर्टाचे अधिकार आयुक्तांना चौकशीसाठी आहेत, आणि त्यांनी शिफारस केली की संबंधित ऑफिसला तीन महिन्यांत काय केलं ते कळवावं लागतं. वेळ मात्र लागतो, म्हणून पुढच्या आठवड्यातल्या कामासाठी यावर विसंबू नका. इथे रिकाम्या हाताने जाऊ नका, इनवर्डची प्रत, पायऱ्यांचे फोटो, माहिती अधिकारात मिळालेले कागद जोडा. मोजमाप द्या, रॅम्पचा उतार १:१२ हवा म्हणजे सहा इंचाच्या पायरीला सहा फूट लांब रॅम्प, दीड फुटाची फळी टाकून फोटो काढला म्हणजे रॅम्प झाला असं होत नाही. असलेल्या सार्वजनिक इमारती सुगम, म्हणजे दिव्यांगांना वापरता येतील अशा करायची त्याच २०१६ च्या दिव्यांग कायद्यातली पाच वर्षांची मुदत २०२२ मध्येच संपलीय, आणि राजीव रतुरी प्रकरणात नोव्हेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की सुगम्यतेचे निकष नुसते मार्गदर्शक ठेवून चालणार नाहीत, बंधनकारक हवेत. दोन्ही तारखा तक्रारीत घाला.

याच कायद्यातल्या कलम २३ चा तक्रार निवारण अधिकारीही कोणीतरी सुचवेल. तो रस्ता सरकारी आस्थापनेत नोकरी करणाऱ्या दिव्यांगांच्या तक्रारींसाठी आहे, तुम्ही नागरिक म्हणून काउंटरवर गेला असाल तर तो तुमचा नाही. पालिकेत नोकरीला असाल तर मात्र आधी तिकडेच जा, दोन आठवड्यांत चौकशी व्हावी असं कायदा म्हणतो.

हायकोर्ट सगळ्यात शेवटी, पण खर्चाच्या भीतीने ते यादीतून काढू नका. दिव्यांग व्यक्तीला उत्पन्न कितीही असलं तरी विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मागता येतो, अर्ज तुमच्या जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या प्राधिकरणाच्या ऑफिसात होतो, तिथून हायकोर्टाच्या विधी सेवा समितीकडे कसं जायचं तेही सांगतात.