दोन बादल्या, एक मशीन, अर्धी डबी वॅक्स: घरच्या घरी गाडी चमकवण्याचे नऊ महिने

घरी गाडी धुणं, पॉलिश करणं आणि वॅक्स लावणं सुरू करून नऊ महिने झाले. नव्याचे नऊ दिवस केव्हाच सरले, तेव्हा आता लिहायला हरकत नाही. गाडी गडद निळी, सहा वर्षांची, रोज चालणारी आणि उघड्यावर उभी राहणारी. पांढऱ्या किंवा चंदेरी गाडीवाल्यांना माझी निम्मी दुखणी कळणार नाहीत. त्यांनी तसंच सुखात राहावं.

सुरुवात झाली मोबाइलच्या टॉर्चमुळे. अंधारात किल्ली पडली म्हणून लेकीने टॉर्च लावला, उजेड बोनेटवर पडला आणि ती म्हणाली, "आई, हे कोळ्याचं जाळं बघ." उजेडाच्या ठिपक्याभोवती गोल गोल फिरणारे शेकडो बारीक ओरखडे होते. पुढे कळलं की ओरखडे सगळ्याच दिशांनी असतात, पण उजेडाला आडवे असतात तेवढेच चमकतात, म्हणून जाळं गोल दिसतं. टॉर्च सरकवला की जाळंही सरकतं. बोनेट, दारं, टप, जिथे बघावं तिथे तेच. आणि हे सगळं माझ्याच हातचं काम. रोज सकाळी कोरड्या फडक्याने धूळ झटकणं, रविवारी एका बादलीत स्पंज बुडवून पुसणं, हे सहा वर्षं चाललं होतं. धुळीतली वाळू म्हणजे पॉलिशपेपरच, आणि तो मी निगुतीने घासत होते.

इलाज म्हणून मी थेट पॉलिशचं मशीन घेतलं. नुसतं गोल फिरणारं रोटरी नव्हे, ड्युअल ॲक्शन: ज्याचं पॅड फिरतं आणि त्याच वेळी डोलतंही. रोटरी एका जागी जास्त थांबली तर रंग तापवून जाळते. हे मशीन नवशिक्याला बरंच सांभाळून घेतं. दोन दिवस राबले, जाळं गेलं, निळा रंग पाण्यासारखा खोल दिसायला लागला. आणि सहा आठवड्यांत जाळं परत हजर, कारण स्पंज आणि बादली तीच होती. तेव्हा माझी ट्यूब पेटली.

म्हणून आता सगळ्यात जास्त धुण्याबद्दलच लिहिते. दोन बादल्या, एक शाम्पूची आणि एक साध्या पाण्याची. साध्या पाण्याच्या बादलीत तळाशी जाळी. आधी नुसत्या पाण्याने गाडी वरपासून खालपर्यंत भिजवायची, शक्य तेवढी माती हात न लावता वाहू द्यायची. मग मायक्रोफायबरचा लांब केसांचा मिट, म्हणजे धुण्याचा हातमोजा, शाम्पूत बुडवून टपापासून सुरुवात. एक भाग झाला की मिट साध्या पाण्यात पिळायचा, मगच परत शाम्पूत. दारांचा खालचा भाग आणि बंपर शेवटी. चाकांना वेगळी बादली आणि वेगळा ब्रश, कारण ब्रेकची लोखंडी धूळ मिटमध्ये अडकली तर झालंच कल्याण. पहिल्यांदा असं धुतल्यावर मी साध्या पाण्याची बादली हळूच ओतून पाहिली. जाळीखाली चमचाभर बारीक वाळू बसली होती. आधी ती सगळी स्पंजमधून दारांवर फिरत होती!

भांड्याचा साबण वापरू नका, तो वॅक्सही उतरवतो. शाम्पू पीएच-न्यूट्रल, म्हणजे ना आम्लधर्मी ना अल्कधर्मी, असला म्हणजे पुरे. "धुताधुता वॅक्स" असं लिहिलेला एक शाम्पू मी आणला होता. त्याने काचेवर तेलकट फराटे पडले आणि वायपर कुरकुरायला लागले. पुसायला जाड मायक्रोफायबर टॉवेल घ्या आणि त्याचं लेबल कापून टाका. एका स्वस्त संचातल्या फडक्याची शिवलेली कडा दारावर चरे पाडून गेली. आणि ही फडकी धुताना कपडे मऊ करणारं द्रव्य घालू नका. मी घातलं, तंतूंवर त्याचा थर बसला आणि टॉवेल पाणी टिपायच्या ऐवजी पसरवायला लागले.

आता क्ले बार, म्हणजे धुऊनही रंगाला चिकटून राहिलेले कण ओढून घेणारी मऊ मातीसारखी वडी. धुऊन कोरड्या केलेल्या बोनेटवर हात प्लास्टिकच्या पातळ पिशवीत घालून फिरवा. डोळ्यांना गुळगुळीत दिसणारा पत्रा पिशवीतून खरखरीत लागतो. माझ्या टपावर तर रवा सांडल्यासारखं वाटलं. आधी लोखंडाचे कण विरघळवणारा स्प्रे मारला. तो कणांना लागला की जांभळा होऊन ओघळतो, बघायला मजा येते, वास मात्र असह्य. मग भरपूर शाम्पूच्या पाण्यावर क्ले फिरवली, न दाबता. क्ले जमिनीवर पडली तर फेकायची, धुऊन वापरायची नाही. माझी अर्धी वडी अशीच गेली.

पॉलिशबद्दल एकच गोष्ट डोक्यात पक्की ठेवा: वॅक्स वर चढवलं जातं, पॉलिश मात्र रंगाचा थर खरवडून काढतं. वरचा पारदर्शक क्लिअर कोट साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा असतो, डोक्याच्या केसाहूनही पातळ. तो परत येत नाही. म्हणून आधी बोनेटच्या कोपऱ्यात दीड-दोन फुटांचा चौकोन घेऊन सगळ्यात सौम्य पॉलिश आणि मऊ पॅड वापरून बघायचं, त्याने भागलं तर पुढे जायचंच नाही. माझं दुसऱ्या वेळी तेवढ्यावरच भागलं. पॅडवर पॉलिशचे वाटाण्याएवढे चार ठिपके, मशीन टेकवून मगच सुरू, आधी आडवे पट्टे मग उभे. मी सुरुवातीला जोर लावत होते. जोर लावला की या मशीनचं पॅड फिरायचं थांबतं, नुसतं थरथरतं. पॅडमागच्या चकतीवर मार्करने एक रेघ मारून ठेवली, ती फिरताना दिसते की नाही यावर नजर ठेवली, आणि हात आपोआप हलका झाला. धारांवर आणि कडांवर रंग पातळ असतो, तिथे मी मास्किंग टेप लावते. मॅट, म्हणजे बिनचकाकीच्या रंगाची गाडी असेल तर पॉलिश आणि नेहमीचं वॅक्स दोन्ही विसरा.

वॅक्स मी कार्नौबाचं घेतलं. ईशान्य ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरचं हे मेण, ८२ ते ८६ अंश सेल्सिअसला वितळणारं. चकाकी अप्रतिम येते, यात वाद नाही. पण उघड्यावर राहणाऱ्या माझ्या गाडीवर ते सहा ते आठ आठवडेच टिकलं. पाण्याचे टपोरे मणी पसरट व्हायला लागले की समजायचं, वेळ झाली. मणी बघायला मला अजूनही आवडतं, पण ते उन्हात तिथेच सुकले तर क्षारांचे पांढरे गोल डाग पडतात, म्हणून धुतल्यावर गाडी तशीच वाळत ठेवत नाही. पाचव्या महिन्यापासून मी सिंथेटिक सीलंट, म्हणजे वॅक्सचंच काम करणारा कृत्रिम लेप, लावते आणि हौस आली की त्यावर वॅक्स. सीलंटची चकाकी जरा काचेसारखी, थंड वाटते. काम मात्र चोख करतो.

वॅक्समुळे पक्ष्याच्या विष्ठेपासून संरक्षण मिळतं, हे अर्धसत्य आहे. थोडी सवड मिळते, एवढंच. एकदा दुपारभर राहिलेल्या विष्ठेने वॅक्स असूनही डाग कोरला. आता पाण्याची स्प्रे बाटली आणि एक फडकं डिकीत असतं: भिजवायचं, मिनिटभर थांबायचं, उचलून घ्यायचं, घासायचं नाही.

माझ्या हातून झालेली आणखी एक फजिती. घाईत तापलेल्या बोनेटवर वॅक्स लावलं, ते पुसता पुसेना, नुसते फराटे. सावलीत नेऊन, पत्रा गार झाल्यावर त्याच वॅक्सचा ताजा हात फिरवला आणि लगेच पुसलं, तेव्हा जुनं सुटलं. आरशाखालच्या काळ्या प्लास्टिकवर बसलेले वॅक्सचे पांढरे डाग लेकीच्या खोडरबराने निघाले. खोडरबर परत मिळालेलं नाही अशी तिची तक्रार आहे.

वेळेचा हिशेब: धुणं पन्नास मिनिटं, दर दहा दिवसांनी. वॅक्स किंवा सीलंट दीड तास. क्ले आणि पॉलिश मिळून दोन पूर्ण दिवस, आणि दुसऱ्या संध्याकाळी खांदे बोलतात. दुसऱ्या पॉलिशला सात महिने झाले. परवा रात्री मुद्दाम टॉर्च मारून पाहिला, तर ड्रायव्हरच्या दारावर मुठीच्या आसपास चार-पाच ओरखडे, बाकी स्वच्छ. ते बहुधा नखांचे आणि अंगठीचे. मशीन तेव्हापासून खोक्यातच आहे. दादाला हवं होतं, त्याला देणार आहे, फक्त आधी बादल्या दोन घे म्हणून सांगितलंय.

डिकीवरचा एक लांब चरा मात्र तसाच आहे. त्यावर नख फिरवलं की अडकतं, म्हणजे तो बहुधा क्लिअर कोटच्या पार खाली गेलाय. पॉलिशने कडा जरा बोथट झाल्या, आता तिरक्या उजेडातच दिसतो. तो मी सोडून दिला.