दोन रिलेचं हेडलाइट किट: आधी मीटर लावा, मग पैसे काढा

तालुक्याच्या गावी कोणत्याही स्पेअर पार्टच्या दुकानात 'लाइट कमी पडतो' म्हटलं की काउंटरवर तीन वस्तू येतात. १००/९० वॅटचे हॅलोजन बल्ब, मागे पंखा असलेले एलईडी बल्ब आणि दोन रिलेचं वायरिंग किट (रिले म्हणजे थोड्या करंटच्या इशाऱ्यावर मोठा करंट जोडणारा स्विच). बोलेरो, सुमो, अल्टो, ओम्नी अशा एच-४ बल्बवर (एकाच बल्बमध्ये डिपर आणि अप्परच्या दोन तारा) चालणाऱ्या जुन्या गाड्यांसाठी या तिघांत घेण्यासारखं किटच आहे. मात्र तेही पुडक्यातून काढून जसंच्या तसं लावायचं नाही, आणि पुष्कळ गाड्यांना त्याची गरजही नसते. लाइट दहा रुपयांच्या काचपेपरनं सुधारणार असेल तर किटवर पैसे घालवू नयेत.

विषय साधा नाही. कापूस निघाला की जिनिंगकडे जाणाऱ्या बैलबंड्या पहाटेच्या अंधारात रस्त्यावर असतात, मागे रिफ्लेक्टरचा पत्ता नसतो. तुरीच्या वावरातून रोही (नीलगाय) किंवा रानडुक्कर एकदम डांबरावर येतं. ताशी ६० किलोमीटरनं गाडी सेकंदाला साडेसोळा मीटर पुढे जाते. बंडी एक सेकंद आधी दिसली की तेवढंच अंतर हातात येतं.

आधी रोग कुठं आहे ते पाहू. एका बाजूचा फक्त डिपर (खालचा, जवळचा लाइट) गेला आणि अप्पर (वरचा, लांबचा) लागतो, तर बहुधा बल्बची एक तार तुटली आहे. दोन्ही बाजूंचा डिपर एकदम गेला तर बल्बना हात लावू नका. दोन्ही बल्ब एकाच रात्री जाणं विरळा. फ्यूज, डिपर स्विच किंवा गाडीतली रिले पाहा. तिसरी खूण सगळ्यांत फसवी आहे: एक लाइट मिणमिणता लागतो, अप्परला काही वेगळंच होतं, डॅशबोर्डवरचा अप्परचा निळा दिवा डिपरलाही अर्धवट उजळतो. याचा अर्थ त्या बाजूचं अर्थिंग, म्हणजे बॉडीला जाणारी मायनसची वायर, सुटलंय. करंटला बॉडीकडे जायला वाट नसते, म्हणून तो त्याच बल्बच्या दुसऱ्या तारेतून उलटा फिरून पलीकडच्या बल्बपर्यंत जातो. अशा गाडीत कितीही नवे बल्ब घातले तरी फरक पडत नाही.

बल्बबद्दल शंका असेल तर डावा-उजवा अदलाबदल करून पाहा. दोष बल्बसोबत पलीकडे गेला तर बल्ब वाईट, जागीच राहिला तर वायरिंग. काच आतून काळी पडली असेल तर बल्ब म्हातारा झाला. दुधासारखी पांढरी झाली असेल तर काच तडकून आत हवा गेली. मीटरवर (व्होल्ट-ओहम मोजायचा मल्टिमीटर) थंड बल्बच्या तारेचा रोध एका ओहमपेक्षाही कमी येतो, तेव्हा शून्याजवळचा आकडा पाहून 'शॉर्ट आहे' असं समजू नका. दर दोन-तीन महिन्यांनी बल्ब उडत असतील तर इंजिन चालू ठेवून बॅटरीवर व्होल्टेज मोजा. १३.८ ते १४.४ ठीक. १५ च्या वर गेलं तर अल्टरनेटरचा रेग्युलेटर बिघडला आहे, बल्ब कंपनीला दोष देऊ नये.

आता मुख्य मोजणी. इथंच बहुतेकांची चूक होते. होल्डर (बल्बची तीन चपटी पाती ज्यात बसतात तो वायरीचा सॉकेट) बल्बमधून उपसून त्यात मीटरच्या पिना घालतात, १२ व्होल्ट दिसतात आणि 'वायर चांगली आहे' म्हणून मोकळे होतात. वायरीच्या वीस तारांपैकी एकच शाबूत असली तरी मीटरला १२ व्होल्टच दिसणार, कारण मीटर करंट ओढतच नाही. बल्ब जागेवर, लाइट चालू, इंजिन चालू, आणि मग होल्डरच्या मागच्या बाजूनं पिना आत सरकवून मोजायचं. बॅटरीवर १४ आणि बल्बवर १२.४ भरले तर वाटेत १.६ व्होल्ट खर्ची पडले. हॅलोजनचा प्रकाश व्होल्टेजपेक्षा फार वेगानं घटतो. एवढ्याशा घसरणीत जवळपास एक तृतीयांश उजेड गेलेला असतो. मालक मग जास्त वॅटचा बल्ब मागतो, तो त्याच बारीक वायरीतून जास्त करंट ओढतो, आणखी व्होल्टेज पडतं आणि होल्डर वितळतो. ५५ वॅटचे दोन बल्ब साधारण ९ अँपिअर घेतात, १०० वॅटचे दोन साडेसोळाच्या पुढे. डिपर स्विचचे कॉन्टॅक्ट एवढ्यासाठी बनलेलेच नसतात. शिवाय ते बल्ब रस्त्यावर चालवायला मान्य नाहीत.

घसरण कुठल्या बाजूला आहे तेही लगेच कळतं. एक पिन बॅटरीच्या मायनसवर, दुसरी होल्डरच्या अर्थ पात्यावर. लाइट चालू असताना ०.२ पेक्षा जास्त आलं तर अर्थिंग वाईट. लाइटच्या मागे बॉडीला १० नंबरच्या पान्यानं खोललं जाणारं एक बोल्ट असतं, त्याखालची रिंग काढा. बहुतेक वेळा रिंगखाली रंगाचा थर असतो आणि वायरीच्या तोंडाशी हिरवी भुकटी. पत्रा काचपेपरनं चकचकीत होईपर्यंत घासा, वायर हिरवी असेल तर तेवढी कापून नवी रिंग दाबा, कसून बसवा आणि वरून ग्रीस लावा. पुन्हा मोजा. एकूण घसरण अर्ध्या व्होल्टच्या आत आली तर किटचं नाव काढू नका.

होल्डरही पाहायचाच. तीनपैकी एकाच भोकाभोवती प्लास्टिक तपकिरी, खरपूस झालेलं दिसतं आणि बल्बचं तेच पातं निळसर-जांभळं पडतं. आतली पितळी पकड ढिली झाली की तिथं ठिणगी आणि ताप. विदर्भातला मे महिना आणि वर इंजिनचा ताप, यात प्लास्टिक आधीच कडक झालेलं असतं. असा होल्डर नवा न घालता फक्त बल्ब बदलला तर नवा बल्बही त्याच पात्यावर जळतो.

प्लस बाजूलाच एक-दीड व्होल्ट जात असतील तर किट घ्या, पैसे वसूल होतात. त्यात १२ व्होल्टच्या ३० किंवा ४० अँपिअरच्या दोन रिले, दोन सिरॅमिक होल्डर, गाडीच्या मूळ होल्डरमध्ये जाणारा एक प्लग, फ्यूज आणि अर्थच्या रिंगा येतात. गाडीची जुनी वायर फक्त रिलेला इशारा देते, बल्बला करंट थेट बॅटरीतून मिळतो. नीट बसलं तर घसरण ०.३ व्होल्टच्या आसपास राहते, साध्या ६०/५५ वॅटच्या बल्बचाच लाइट पांढरा आणि लांब पडतो, आणि डिपर स्विचवरचा भार नाहीसा होतो. सिरॅमिक होल्डर ही यातली सर्वांत चांगली वस्तू. तापानं वितळत नाही.

उणिवा मात्र सांगायलाच हव्यात. स्वस्त किटमध्ये बारीक वायरीवर ३० अँपिअरचा फ्यूज दिलेला असतो. शॉर्ट झालं तर फ्यूजच्या आधी वायर पेटेल. बॅटरीपासून रिलेपर्यंत २.५ चौरस मिलिमीटरची आणि पुढे प्रत्येक बल्बला १.५ ची तांब्याची वायर हवी. घेताना टोक सोलून पाहा, जाड दिसणाऱ्या वायरीत नुसतं प्लास्टिकच जाड निघतं. दुसरं, दोन्ही रिलेंना मिळून एकच फ्यूज असतो. तो उडाला की चालत्या गाडीत पूर्ण अंधार. वीस-तीस रुपयांचा आणखी एक फ्यूज होल्डर घेऊन डिपर आणि अप्परला वेगळे १५-१५ अँपिअरचे फ्यूज लावा. पुष्कळ गाड्यांत मुळात डाव्या-उजव्याला वेगळे फ्यूज असतात, पण किटचा इशारा एकाच बाजूच्या होल्डरमधून येतो, म्हणून त्या बाजूचा मूळ फ्यूज गेला तर दोन्ही लाइट बंद. हा किटचाच स्वभाव आहे. तेवढा एक जादा फ्यूज गाडीत ठेवावा.

आणि विकत घेण्याआधी एक तपासणी. मूळ होल्डर बल्बमधून काढा, मीटरची काळी पिन बॅटरीच्या मायनसला लावा, लाइट चालू करून डिपर-अप्पर बदला. एका पात्याचं भोक डिपरला आणि दुसरं अप्परला १२ दाखवत असेल तर किट चालेल. एकाच भोकात दोन्ही वेळा १२ कायम दिसत असतील तर त्या गाडीत स्विच प्लसऐवजी मायनस जोडतो-तोडतो. साधं किट तिथं उलटसुलट वागतं. दुकानदाराला तसं सांगून मायनस स्विचिंगचं किट मागा.

बसवताना बॅटरीचं मायनस आधी काढायचं. रिले रेडिएटरपासून लांब, पिना खाली येतील अशा लावा, म्हणजे गाडी धुताना पाणी आत थांबत नाही. मोकळा राहिलेला दुसरा मूळ होल्डर टेपनं बंद करून बांधून टाका. वायरीवर नळीदार कव्हर चढवाच. कडबा आणि ढेप ठेवलेल्या कोठ्याशेजारी उभ्या गाडीत उंदीर बॉनेटखाली मुक्काम करतात, आणि किटसोबतची नुसती टेप त्यांना एका रात्रीची.

बल्ब ६०/५५ चाच, नाव असलेल्या कंपनीचा, शक्यतो जोडीनं. काचेला बोट लावू नका; बोटाचं तेल गरम काचेवर डाग धरतं आणि तिथूनच काच फुटते. लागलंच तर स्पिरिटच्या बोळ्यानं पुसा. बल्बच्या तीन कानांपैकी रुंद कान वर, तारेची क्लिप दोन्ही बाजूंनी अडकलेली, मागचं रबर पूर्ण बसलेलं. रबर फाटकं ठेवलं तर एका पावसाळ्यात रिफ्लेक्टर काळा पडतो आणि मग अख्खा लाइटच बदलावा लागतो. हेडलाइटची प्लास्टिकची बाहेरची काच पिवळी पडली असेल तर आधी ती: ८०० चा, मग १५०० चा, मग २००० चा वॉटर पेपर पाण्यासोबत, शेवटी रबिंग कंपाउंड. हे न करता घेतलेलं किट म्हणजे मळक्या कंदिलात जास्त रॉकेल.

एलईडीबद्दल थोडक्यात. एच-४ चा रिफ्लेक्टर तारेच्या नेमक्या जागेवर बेतलेला असतो. एलईडीचा उजेड त्या जागेवरून निघत नाही. समोरच्या सायकलवाल्याच्या डोळ्यांत तो जातो, आणि आपल्या रस्त्यावर मात्र जवळच पांढरा डाग पडतो. पंख्यात कापसाची रुई आणि धूळ बसली की तो थांबतो, मग बल्बही.

काम झाल्यावर फोकस लावल्याशिवाय रात्री निघू नका. सपाट जागी, भिंतीपासून ५ मीटरवर गाडी सरळ उभी करा. चाकांत नेहमीची हवा, आत एक माणूस. जमिनीपासून बल्बच्या मध्याची उंची मोजून भिंतीवर तेवढ्याच उंचीवर खडूनं रेघ ओढा. डिपरच्या उजेडाची सपाट वरची कड रेघेच्या ५ सेंटिमीटर खाली यायला हवी आणि डाव्या बाजूला थोडी वर चढलेली दिसायला हवी. लाइटच्या मागचे स्क्रू एका वेळी अर्धा फेरा फिरवा. मागे खताची पोती भरून निघायचं असेल तेव्हा नाक उचललं जातं आणि हाच लाइट झाडाच्या शेंड्यावर जातो. डॅशबोर्डवर लाइट खाली करायचं चाक असेल तर ते तेव्हा २ किंवा ३ वर घ्या.