गालातली जखम आणि गालातली गाठ

घाईघाईत तर्री-पोहे खाताना गाल दाताखाली येतो. आम्हा नागपूरकरांना हे काही नवं नाही. दोन दिवस तिखट झोंबतं, आठवडाभरात जखम गायब! त्या दिवसांत तिथल्या निरोगी पेशीही भराभर विभागत असतात. लाळेतला ईजीएफ हा वाढ-घटक पेशीच्या ग्राहीला (निरोप झेलणाऱ्या प्रथिनाला) चिकटतो, निरोप केंद्रकात पोचतो, वाढीला चालना देणारं एमवायसी जनुक जागं होतं आणि पाठोपाठ विभाजनाला पुढे ढकलणारं सायक्लिन डी१ हे प्रथिन तयार होतं.

पण एमवायसीचा आरएनए, म्हणजे त्या जनुकाची कामचलाऊ नक्कल, अर्ध्या तासाच्या आसपास निम्मा होतो. निरोप थांबला की कामही थंडावतं, आणि वरच्या थरात सरकलेल्या पेशी विभागणं सोडून वेगळ्या प्रकारचं केराटिन (पेशीला बळकटी देणारं प्रथिन) बनवायला लागतात.

आता त्याच गालात वर्षानुवर्षं तंबाखू-सुपारीचा खर्रा दाबून ठेवणारा माणूस घ्या. तोंडाच्या कर्करोगात जनुकं परकी नसतात, हीच असतात; बिघडतं ते त्यांचं चालू-बंद होणं. ईजीएफची ग्राही बऱ्याचदा गरजेपेक्षा जास्त बनते. डीएनए दुखावला तर निरोगी पेशीत पी५३ हे प्रथिन पी२१चं जनुक चालू करून विभाजन रोखतं. इथे बहुतेक वेळा पी५३च नादुरुस्त. गुणसूत्रांची टोकं झिजू न देणारं टेलोमरेज हे विकरही, जे शरीराच्या बहुतांश पेशींत निजलेलं असतं, सुमारे ८५ ते ९० टक्के कर्करोगांत जागं आढळतं.

‘कर्करोग म्हणजे विभाजनाचा वेग’ हे मात्र मला पटत नाही. आतड्याच्या अस्तरातल्या निरोगी पेशी कित्येक गाठींपेक्षा जोरात विभागतात.