पेनड्राईव्ह बरा, पण त्याच्या ॲपच्या नादी लागू नका

लातूरला गंजगोलाईत एका दुकानातून ६४ जीबीचा टाईप-सी वाला पेनड्राईव्ह घेतला साडेसहाशेला, कंपनीचं नाव घेत नाही उगं कटकट नको. मोबाईल फुल झालता. दुकानदार म्हणला मालक सोबत ॲप बी आहे, एक बटण दाबा, सगळं कॉपी होतंय. दाबलं. स्पीड चांगलाय खोटं कशाला बोलू, तासाभरात काम झालं आन मी शहाण्यावानी मोबाईलमधले फोटो उडवून टाकले.

दिवाळीत टीव्हीला लावला तर सगळे फोटो एकाच तारखेचे, कॉपी केली त्या दिवशीचे! दुष्काळात मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आलती ना १२ एप्रिल २०१६ ला, तो फोटो आन पोरीच्या बारशाचा फोटो शेजारीशेजारी. बायको म्हणती, काहो, पाण्याची रेल्वे परवाच आली व्हय?

मला वाटलं पेनड्राईव्हच बोगस. भाच्यानं लॅपटॉपला लावून बघितलं तवा कळलं. फोटोला तारीख दोन जागी असती, एक फाईलवर आन एक फोटोच्या आत, तिला एक्झिफ म्हणतेत, कॅमेरा लोकेशन सगळं त्यातच. आडतीवर पोतं बदललं की वरची चिठ्ठी बदलती पण आतली तूर तीच राहती ना, तसंच साधी कॉपी केली तर फाईलची तारीख बदलू शकती पण एक्झिफला धक्का लागत नाही. त्यानं मोबाईलला केबल लावून दोन फोटो कॉपी करून दाखवले बी, राईट क्लिक, प्रॉपर्टीज, डिटेल्स, तारीख जशीच्या तशी. ह्या ॲपनं मात्र जागा वाचवायचा टिक आधीच मारून ठेवलेला, म्हणून ह्यानं प्रत्येक फोटो दाबून लहान करून नवाच बनवला आन एक्झिफ पार साफ. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला की असंच होतंय, डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर राहतंय. आन अँड्रॉईड १० पासून ॲपला लोकेशनची वेगळी परवानगी नसंल तर फोनच लोकेशन झाकून फोटो देतो, ते बी बघून घ्या.

नशीब फाईलची नावं ॲपनं बदलली नव्हती, आयएमजी २०१६०४१२ असं नावातच तारीख होती, भाच्यानं एक्झिफटूल नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर लावून नावावरून तारखा परत भरल्या. लोकेशन काय आलं नाही. त्या दुष्काळात तीन शिवारात बोअर मारलते, कुठला कोरडा गेला आन कुठं पाणी लागलं ते फोटोतल्या लोकेशनवरून सांगत होतो, आता सगळे फोटो सारखेच दिसतेत, माती आन पाईप.

पेनड्राईव्हला तीन स्टार, ॲपला शून्य. टोपणाची दोरी आठ दिवसात तुटली ते वेगळंच.