१९५७ ची शेव्हरोले बेल एअर की त्याच साली आलेली प्लायमथ बेल्वेडेर?

दोन्ही अमेरिकन फॅमिली गाड्या, दोन्हीला मागे शेपटासारखे फिन, पण डोकं वेगळं. शेव्हरोलेची बॉडी मूळ १९५५ चीच, तिसऱ्या वर्षी तिलाच नटवून काढलेली. बेल एअरच्या फिनवर ॲल्युमिनियमची रेघारेघांची पट्टी, बॉनेटवर दोन रॉकेट, आणि पेट्रोलचं झाकण कुठेय तर डाव्या फिनच्या मागच्या कडेला जी क्रोमची पट्टी आहे ना, ती बिजागरीवर उघडते आणि आत टाकीचं तोंड! माहीत नसलेला माणूस पंपावर गाडीभोवती चकराच मारत बसेल.

प्लायमथ मात्र डिझायनर व्हर्जिल एक्स्नरच्या टीमने नव्यानेच काढली, बुटकी, बारीक छत, फिन बाजूने बघितलं तर सरळ आभाळाकडे निघालेले, जाहिरातच होती की 'अचानक १९६० उजाडलं'. ऑटोमॅटिक घेतली तर गिअरचा दांडाच नाही, स्टिअरिंगच्या डावीकडे बटणं, पण त्यात पार्क, म्हणजे उभी गाडी जागेवर अडकवणारं बटण, नव्हतं, म्हणजे हँडब्रेक विसरलात की गेली गाडी उतारावर. पुढे टॉर्शन बार सस्पेन्शन, म्हणजे स्प्रिंगऐवजी पीळ घेऊन धक्के झेलणारे पोलादी दांडे, त्यामुळे वळणावर शेव्हीपेक्षा (म्हणजे शेव्हरोलेपेक्षा) सरस.

मग लोकांना आज बेल एअरच का हवी? कारण ५७ च्या प्लायमथ घाईत बनल्या, पाणी झिरपायचं, गंज तर विचारू नका. डिझाइनला माझं मत प्लायमथला, पण पैसे माझे असतील तर मुकाट्याने शेव्ही.