त्सो मोरीरीचा ट्रेक: लेहला विमानाने जावं की श्रीनगर-कारगिलवरून?

लडाखमधला रूमत्से ते कोरझोक, म्हणजे त्सो मोरीरी सरोवराच्या काठी संपणारा ट्रेक ठरला, कंपनीकडे पैसे भरले, बूट पायात रुळले, की उरतो तो प्रश्न लेहला पोचायचं कसं याचा. बहुतेक जण तिकिटाचा भाव आणि रजेचे दिवस बघून तो सोडवतात. मी दोन्ही वाटांनी जाऊन आलोय आणि मला वाटतं की सगळ्या तयारीत जास्तीत जास्त विचार याच प्रश्नाचा करायला हवा.

कारण हा ट्रेक पायांना तसा अवघड नाही. वाटा मोकळ्या, मोठं सामान घोड्यांवर, स्वयंपाक आयता. दर रविवारी सिंहगड चढणाऱ्याचे पाय इथे कुरकुरणार नाहीत. पण आपलं कळसूबाई १,६४६ मीटर, आणि रूमत्से गावच चार हजारांच्या वर. पहिला मुक्काम क्यामारला, साधारण ४,४०० मीटरवर. दुसऱ्याच दिवशी पाच हजारांवरच्या दोन खिंडी ओलांडायच्या. शेवटची खिंड यालुंग न्याउ ला (‘ला’ म्हणजे तिकडच्या भाषेत खिंड) ५,४०० च्या आसपास, आणि ती उतरलं की कोरझोक आणि सरोवर, तेही साडेचार हजारांवर. म्हणजे एकदा चालायला लागलं की शरीराला सवड अशी मिळत नाही. जी सवय व्हायची ती रूमत्सेच्या आधी.

विमानाची सोय उघड आहे. पहाटे दिल्लीहून निघायचं आणि नाश्त्याच्या वेळेला लेहला, ३,५०० मीटरवर. खिडकीतून दिसणारी झांस्करची डोंगररांग तर विसरता येत नाही. मग दोन दिवस विश्रांती आणि तिसऱ्या दिवशी जीपने रूमत्से. बहुतेक कंपन्यांचा कार्यक्रम असाच बेतलेला असतो आणि पुष्कळ लोक तो सुखरूप पूर्ण करतात, हेही खरं.

माझी अडचण झाली ती झोपेची. डोकं दुखेल, जेवण जाणार नाही, याची तयारी होती आणि ते सगळं दुसऱ्या संध्याकाळपर्यंत ओसरलंही. रात्रीचं मात्र ओसरेना. डोळा लागतो न लागतो तोच श्वास उथळ होत होत थांबायचा आणि मी दचकून, एकदम मोठा श्वास ओढत उठून बसायचो. थर्मासमधलं कोमट पाणी घोटभर प्यायचं, घड्याळ बघायचं, पुन्हा आडवं व्हायचं, आणि पुन्हा तेच. विरळ हवेत आपण जोरजोरात श्वास घेतो, त्यामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि झोपेत मेंदूकडून श्वासाचा हुकूमच क्षणभर सुटतो. डॉक्टरांच्या मते हे उंचीवर सर्रास होतं आणि एरवी धोक्याचं नाही. मान्य. पण अशा रात्री काढून माणूस खिंडीच्या चढाला लागतो तेव्हा पाय शाबूत असूनही मन विटलेलं असतं. वाटेतल्या त्सो कार सरोवराच्या काठाने चालताना किआंगांचा, म्हणजे रानगाढवांचा कळप गाइडने हाताने दाखवला, तरी मला त्याचं काही वाटलं नाही. इतक्या लांब जाऊन तसं व्हावं हे मला फार लागलं.

गाइड रोज संध्याकाळी बोटाला ऑक्सिमीटर लावायचा. तो आकडा दोन्ही खेपांना चालण्याजोगाच होता. फरक पडला तो झोपेत, आणि झोप आकड्यात दिसत नाही.

पुढच्या खेपेला श्रीनगरपर्यंत विमान आणि तिथून रस्ता धरला. या वाटेवर मुक्कामांची उंची पायरीपायरीने वाढते: श्रीनगर सोळाशेच्या आसपास, कारगिल सुमारे २,७००, आल्ची ३,१००, मग लेह. तीन हजारांच्या वर गेलं की झोपण्याची जागा रोज पाचशे मीटरपेक्षा जास्त चढवू नये, हा पर्वतीय वैद्यकातला नेहमीचा सल्ला. या रस्त्यावर तो आपोआप पाळला जातो. झोजी ला आणि फोतू ला दिवसा ओलांडायच्या आणि रात्री त्याहून खाली झोपायचं. कारगिलला सुरू नदीच्या आवाजात मी सकाळपर्यंत सलग झोपलो. अंगणात चटईवर जर्दाळू वाळत घातले होते, घरातल्या आजींनी मूठभर हातावर ठेवले. मुलबेखला कातळात कोरलेल्या मैत्रेय बुद्धापुढे थांबलो, तेव्हा भूकही नेहमीसारखी लागली होती. पुढे क्यामारच्या तंबूत एकदोनदा जाग आली, तेवढंच. तो सगळा ट्रेक मी डोळे उघडे ठेवून चाललो.

या वाटेचा त्रास नाही असं नाही. सोनमर्गचा बोगदा जानेवारी २०२५ मध्ये सुरू झाला, पण त्याच्या पुढची झोजी ला अजून उघड्या घाटानेच चढावी लागते. पावसात दरड आली की गाड्या तासन् तास उभ्या राहतात, आणि अमरनाथ यात्रेच्या दिवसांत बालटालपर्यंत गर्दी व तपासणी असते. म्हणून एक दिवस हाताशी जादा ठेवायलाच हवा. रजा मात्र वाटते तेवढी जास्त लागत नाही: रस्त्याने आल्यावर लेहमध्ये एक दिवस पुरतो, म्हणजे विमानाच्या तुलनेत फरक दोन-तीन दिवसांचा.

मनालीचा रस्ता पुष्कळ जण सुचवतात, कारण रूमत्से त्याच रस्त्यावर आहे. ट्रेकआधी तरी मी तो धरणार नाही. ९.०२ किलोमीटरचा अटल बोगदा २०२० मध्ये झाल्यापासून गाड्या काही तासांत बारालाचा ला गाठतात, आणि मुक्काम पडतो सारचूला, लेहहूनही सातआठशे मीटर उंच. त्याआधी वाटेतल्या जिस्पाला दोन रात्री काढल्या तरी सारचूची रात्र चुकत नाही.

डायमॉक्स ही उंचीच्या त्रासावरची गोळी घेतली की विमानाने गेलं तरी चालतं, असंही ऐकाल. गोळीचा उपयोग होतो, माझ्या सोबत्यांना झाला. पण सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर ती चालत नाही, बोटांना मुंग्या येतात, रात्री लघवीला तंबूबाहेर जावं लागतं. डॉक्टरांना विचारून घ्या, पण तिच्या भरवशावर दिवस कापू नका.

प्रत्येकाचं शरीर वेगळं. माझ्याबरोबर विमानाने आलेला एक जण पहिल्या रात्रीपासून ढाराढूर झोपला होता. तुम्ही आधी साडेतीन हजारांवर राहिला असाल, झोप लागली असेल आणि रजा खरोखरच तुटपुंजी असेल, तर विमानाने जा, फक्त लेहमध्ये दोनऐवजी तीन रात्री मागून घ्या. पहिल्यांदाच जात असाल किंवा पन्नाशी ओलांडली असेल, तर मी श्रीनगरचंच तिकीट काढायला सांगेन. परतीचं मात्र लेहहूनच काढा, तेही कोरझोकहून आल्यावर मध्ये एक दिवस सोडून. दुपारी वारा सुटतो म्हणून लेहची बहुतेक विमानं सकाळी उडतात, आणि आपलं विमान रद्द झालं तर दुसऱ्या दिवसापर्यंत थांबावं लागतं. आणि घरून निघण्याआधी पोस्टपेड सिम घ्या. आपल्याकडचं प्रीपेड लडाखमध्ये चालत नाही.