गिरणीतला साउंडबॉक्स: पैसे घ्यायला चांगला, परत द्यायला अवघड

वाईत आमची पिठाची गिरणी आहे. रोजचं दळण, दिवाळीला भाजणी, उन्हाळ्यात मिरची आणि हळद कांडप. मोटर चालू असली की शेजारी उभ्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. म्हणून दोन वर्षांपूर्वी क्यूआरवर पैसे आले की मोठ्यानं सांगणारा साउंडबॉक्स घेतला. महिन्याला १०० रुपये भाडं कापतात.

डबा चांगला आहे. मराठी स्पष्ट बोलतो, एकोणसाठ आणि एकोणसत्तरमध्ये गोंधळ होत नाही. एकदा चार्ज केला की तीन-चार दिवस बघावं लागत नाही. चार्जिंगच्या भोकात पीठ बसतं, ते मी दर रविवारी जुन्या दात घासायच्या ब्रशनं काढते. पावसात रेंज गेली की मात्र पाच-पाच मिनिटं गप्प राहतो आणि गिऱ्हाईक ताटकळतं. तेवढं सोडलं तर डब्याला माझे चार तारे.

पण त्याच्याबरोबर येणाऱ्या ॲपला मी दोनच देणार, आणि ते का हे नीट सांगायला हवं.

जूनमध्ये, पेरण्यांच्या धांदलीत, एका दुपारी डबा बोलला: ‘अठरा हजार सहाशे रुपये प्राप्त झाले.’ गिरणीत तेव्हा मी आणि ज्वारी घेऊन आलेली एक म्हातारी, एवढ्याच होतो. माझी दिवसाची ऑनलाइन जमा दोन-अडीच हजारांची. आधी वाटलं, डबा बिघडला. ॲप उघडलं तर १८,६०० खरंच आलेले, समोर एका पुरुषाचं नाव. दुसऱ्या दिवशी बँकेत जाऊन पासबुक भरून घेतलं, त्यातही रक्कम होती.

पासबुक मुद्दाम भरलं, कारण आमच्या आळीत असे प्रकार होऊन गेलेत. एकाला पैसे आल्याचा खोटा मेसेज पाठवला, मग ‘चुकून आले, परत करा’ म्हणून फोन केला, आणि त्यानं खात्यात न बघताच स्वतःचे चार हजार पाठवून दिले. दुसऱ्याच्या खात्यात खरोखर पैसे आले होते, पण ते कुणाला तरी फसवून काढलेले. पोलिसांचं पत्र आलं आणि खातं गोठलं. दुकान चालू आणि बँकेतून रुपया निघत नाही, अशी त्याची अवस्था आम्ही बघितली आहे.

त्यामुळे संध्याकाळी फोन आला तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. ‘वहिनी, मे महिन्यात हळकुंडं कांडायला आलो होतो बघा. खतवाल्याला पाठवायचे पैसे तुम्हाला आले. माझ्या पुतण्याच्या नंबरवर टाका.’ आमच्या गिरणीचं नाव देवाच्या नावानं सुरू होतं, त्या खताच्या दुकानाचंही. आधी पैसे दिलेल्यांच्या यादीत नाव अर्धंच दिसतं आणि त्यांचं बोट आमच्यावर पडलं. दळणाच्या पिशवीला आम्ही नंबर छापलेली चिठ्ठी अडकवतो, ती घरात सापडली म्हणून फोन करता आला.

आवाज खरा वाटत होता. तरी मी म्हटलं, ‘दादा, तुमचा रुपयाही ठेवणार नाही. पण ज्या खात्यातून आले त्याच खात्यात जातील, पुतण्याच्या नाही.’ ते थोडे दुखावले. पेरणी तोंडावर, खत घरात येऊन पडलेलं आणि दुकानदार पैशाला तगादा लावतोय. त्यांच्या जागी मी असते तर मलाही राग आला असता.

परत द्यायचेच हे ठरवायला मला वेळ लागला नाही. भाचा वकिली करतो, त्यानं कायदाही सांगितला: १८७२ च्या भारतीय करार कायद्याचं कलम ७२ म्हणतं, चुकून मिळालेले पैसे ज्याचे त्याला परत केले पाहिजेत. आणि दुसऱ्याचे आहेत हे कळूनही अप्रामाणिकपणे वापरले तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३१४ लागू शकतं. पण कायदा नसता तरी ते पैसे घरात ठेवून मला झोप लागली नसती. कष्टाचे पैसे होते ते.

अडचण पुढेच होती. बँकेच्या शाखेत गेले तर साहेब म्हणाले, ‘तुमच्या खात्यात आलेत ना, मग राहू द्या. ज्याचे असतील तो येईल मागायला.’ लेखी अर्ज दिला, त्यावर पोच म्हणून शिक्का मागितला, तर दोन दिवस फिरवलं. पैसे परत करायला आलेल्या माणसाला असं वागवतात याचं मला फार वाईट वाटलं. शिक्का घेतल्याशिवाय उठले नाही. तो कागद आजही फाईलला आहे.

मग ॲपवाल्यांची हेल्पलाइन. तीन वेळा नुसतं यंत्रच बोललं. चौथ्यांदा एक मुलगी भेटली, तिनं दोन मिनिटांत सांगितलं: जुना व्यवहार उघडा, अगदी खाली जा, ‘रिफंड’ आहे. पैसे आले त्याच खात्यात परत जातात, दुसरीकडे जाऊच शकत नाहीत. मला हवं होतं ते हेच! दोन वर्षं ॲप वापरतेय, डबा बसवायला आलेल्या पोरानं हे कधी सांगितलं नव्हतं.

बटण दाबलं तर ‘शिल्लक अपुरी’. दिवसाची जमा रात्री बँकेत जाते आणि रिफंड फक्त त्या दिवशीच्या जमेतून कापला जातो. म्हणजे त्यांचे १८,६०० माझ्या बँकेत सुरक्षित, पण ॲपला दिसणार नाहीत. शेवटी रोज संध्याकाळी गिरणी बंद करताना दिवसाची सगळी जमा त्यांना पाठवायची असं ठरवलं. पहिल्या दिवशी २,३००, मग २,६५०, मग २,२५०. दर वेळी बारा आकडी व्यवहार क्रमांक फोनवर वाचून दाखवायचा, ते पलीकडे सावकाश लिहून घ्यायचे. तिसऱ्या दिवशी त्यांचा आवाज बदललेला मला कळला.

चौथ्या दिवशी पाऊस उघडला आणि ते स्वतः आले, आधार कार्ड आणि पासबुक घेऊन. व्यवहारात दिसलेलं नाव आणि पासबुकावरचं नाव एकच. उरलेल्या ११,४०० चा त्यांच्या नावाचा अकाउंट पेयी चेक दिला, वहीत सही घेतली. त्यांनी घरचा घेवडा आणला होता. मी नको म्हणत होते, पण ते पायरीवर पिशवी ठेवून गेलेच.

ॲपवाल्यांना माझं सांगणं आहे की रिफंडचं बटण वर आणा, आणि मोठी रक्कम चुकून आली तर ती खात्यातून थेट परत पाठवता येईल अशी सोय करा. दुकानदारांनो, डबा घेतलात तर पहिल्याच दिवशी हे बटण शोधून ठेवा आणि दहा रुपयांवर करून बघा. फोनवर कुणी दुसराच नंबर देऊन घाई करत असेल तर पाठवू नका. फसलाच असाल तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा.

आमच्या नावात देवाच्या आधी ‘गिरणी’ शब्द घाला, म्हणजे अर्ध्या नावातही ओळख पटेल, अशी विनंती मी ॲपमधून केली आहे. तीन आठवडे झाले, अजून ‘प्रक्रियेत आहे’ असंच दिसतंय.